काळ्या पट्टीवरचा अंगठा

नवी मुलगी पियानोसमोर बसली, तिने एकेका बोटाचं टोक चिमटून पाहिलं, करंगळीचं दोनदा, आणि शेजारच्या खुर्चीवरची टीचर पुस्तकाचं पान उलटता उलटता थांबली. दुपारचं ऊन सतरंजीच्या कडेपर्यंत आलं होतं, पियानोखाली तिची स्वतःची चार वर्षांची ठमी डब्याच्या झाकणावरून रबरी हत्ती चालवत होती, जिन्यात कोणीतरी धापा टाकत सायकल चढवत होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती करंगळी. “असं का गं केलंस?” तिने आवाज जमेल तितका सहज ठेवून विचारलं. “बोटं झोपलेली असतात ना,” मुलगी म्हणाली. “आजी म्हणते, आधी त्यांना उठवायचं. करंगळी आळशी, म्हणून तिला दोनदा.” सोफ्यावर मांडीवर पर्स धरून बसलेली मुलीची आई हसली. “सासूबाई शिकवायच्या हो पियानो. इथल्या निम्म्या लोकांना लहानपणी त्यांनीच रडवलंय. आता ऐकू येत नाही त्यांना, अजिबात. कानाशी ताटली आपटली तरी वळून बघत नाहीत, मी तेवढीच सुखी. पण नातीला शिकवायचं तर कान नकोत का? खाली तुमची पाटी दिसली. म्हटलं, घराजवळ आहे, बरं पडेल.” टीचरने आडनाव विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. मुलीचा वरचा ओठ किंचित पुढे आलेला होता, आणि तो ओठ तिने पूर्वी पाहिला होता, एका मुलाच्या चेहऱ्यावर, हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली. “हिचे बाबा नाही वाजवत?” “ते? झाकण दिसलं तरी डोकं दुखतं त्यांचं.” सून पुन्हा हसली. टीचरही हसली. हसताना आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत हे तिला जरा उशिराच कळलं.

आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती मनातल्या मनात एक नाव द्यायची. एक होता पोस्टमन, कारण तो दार ठोठावल्यासारखा वाजवायचा. एक होती उद्या, कारण तिचा सराव नेहमी उद्या व्हायचा. या मुलीची बोटं पट्ट्यांवरून अशी रांगेने, एकमेकांना न ढकलता गेली की तिचं नाव तिथल्या तिथे मुंगी ठरलं. हात चांगला होता. फार चांगला होता. तासभर ऐकावं लागलं नाही, पहिल्या ओळीतच कळलं, आणि कळल्यावर आनंद व्हायच्या जागी तिला राग आला. कोणी आपल्याच घरात येऊन आपल्याच खुर्चीवर पाय पसरून बसावं तसा.

पुन्हाबाई. मुंगीच्या आजीचं हे नाव, टीचर लहानपणी त्यांच्याकडे शिकायची तेव्हाचं. तोंडावर सगळे नुसतं बाई म्हणायचे, मागे हे चालायचं, कारण बाईंच्या तोंडी दिवसभर तो एकच शब्द असायचा. “पुन्हा.” ओरडून नाही, चिडून नाही, भाजी निवडताना देठ मोडावा तसा, भलतीकडे बघत. बाईंकडे आवाज हे बक्षीस होतं. नवा धडा दिला की पियानोचं झाकण बंद, आणि त्या गुळगुळीत लाकडावर नुसती बोटं चालवायची, आठवडेच्या आठवडे, बाईंचं समाधान होईपर्यंत. बाई शेजारी उभ्या राहून हात बघायच्या. “हात शहाणा झाला की आवाज आपोआप येतो,” म्हणायच्या. “वेड्या हाताने वाजवणं म्हणजे भांडी पाडणं.” त्या काळ्या लाकडात तिला स्वतःची बोटं उलटी दिसायची, आतून कोणीतरी आपल्या बोटांना बोटं लावतंय असं वाटायचं, आणि ते जे कोणी आत होतं त्याला सगळं ऐकू येत असणार याचा तिला हेवा वाटायचा. घरी पियानो कुठला? आई लाँड्रीच्या काउंटरवर दिवसभर वाफेत उभी असायची. घरी आली की आधी ओटा पुसायची, कोरडा करायची, “घे, तुझा पियानो,” म्हणायची आणि स्वतः भाजी घेऊन खाली बसायची. ती ओट्यावर बोटं चालवायची आणि आई चिरता चिरता मान डोलवायची, अगदी ठेक्यात. “काय वाजतंय कळतं का तुला?” “न कळायला काय झालं? पाणचक्की ना?” आणि ती खरंच पाणचक्की असायची.

पाणचक्की हा बाईंचा लाडका तुकडा. आधी चाक फिरतं, ते डाव्या हाताचं काम. मग मध्येच पाणी वर चढतं, उजव्या हाताची एक लांब धाव, तळापासून थेट टोकाला. अशा धावेला बोटं ठरवून द्यावी लागतात, कुठे अंगठा खालून सरकवायचा, कुठे चौथं बोट टेकवायचं. शिकवणारा देतो ती बोटं मूल मुकाट घेतं. स्वतःच्याच बोटांबद्दल ते काय वाद घालणार? बाईंनी तिला दिलेल्या बोटांत धावेच्या बरोबर मध्यावर अंगठा काळ्या पट्टीवर यायचा. काळी पट्टी उंच आणि अरुंद, अंगठा बिचारा आखूड. सावकाश वाजवलं तर काही कळत नाही, उलट ऐटबाज दिसतं. वेग आला की तिथे मनगटाला हिसका बसतो आणि मागून येणारी बोटं एकमेकांच्या अंगावर पडतात. पण झाकणावर काळं काय आणि पांढरं काय! झाकणावर तिची धाव पाण्यासारखी जायची. आणि बाईंनी तिच्यासाठी झाकण उघडलं ते हॉलमधला मुलांचा कार्यक्रम अगदी तोंडावर आल्यावर.

लाँड्रीत कोणीतरी टाकून परत न नेलेला निळा फ्रॉक आईने कमरेत टाके घालून बेतला होता. हॉलमध्ये पाणी चढायला लागलं आणि मध्यावर पडलं. ती पुन्हा मागून आली, पुन्हा तिथेच पडली. तिसऱ्या खेपेला बाई पहिल्या रांगेतून उठून आल्या आणि त्यांनी झाकण लावलं. आपटलं नाही. दूध झाकावं तसं अलगद लावलं, आणि ते खाली येताना पाहून तिने आपली बोटं एकेक करून काढून घेतली, शेवटी करंगळी. मग बाईंनी आपल्या मुलाला बोलावलं. तोही तेच वाजवणार होता, आणि त्याने वाजवलं, बरं वाजवलं, पाणी वरपर्यंत गेलं. ती पडद्याआडून बघत होती. त्याचा अंगठा पांढऱ्या पट्टीवर होता. तिला दिसलं, पण त्या वयात दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये मोठं रान असतं. बाहेर व्हरांड्यात बाई आईला म्हणाल्या, “हात या कामाचा नाही हिचा. उगाच आशेवर ठेवू नका. शिवण-बिवण शिकवा.” आई “बरं बाई” म्हणाली. वर “उपकार झाले” म्हणाली. उपकार! त्या संध्याकाळपासून ओटा पुसला गेला तो स्वयंपाकासाठीच.

रान ओलांडायला तिला बरीच वर्षं लागली. नोकरी लागल्यावर ती हट्टाने परत शिकायला गेली, एका दमेकरी सरांकडे. सरांची तऱ्हाच उलटी. चूक मोठ्याने करायची, लाजून हळू केलेली चूक म्हणजे चोरी, असं म्हणायचे आणि खोकत हसायचे. तिने त्यांना पाणचक्की वाजवून दाखवली तेव्हा मात्र त्यांनी तिचं मनगटच धरलं. “अंगठा काळ्यावर? कोणी दिली गं ही बोटं? अशी बोटं शत्रूला देतात.” सर हसत होते. ती हसली नाही. पांढऱ्यावरचा तो दुसरा अंगठा तिला लख्ख दिसत होता. घरी येऊन तिने आईला सांगायचा प्रयत्न केला, पण आईला तोवर वाफेने आणि वयाने पार थकवलं होतं. काळं-पांढरं तिच्या काही लक्षात येईना. ती फक्त लेकीचा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून बघत राहिली. “माझंच चुकलं असेल गं,” म्हणाली. “तुझ्या वेळेला मी धड जेवले नाही. हातात जोर कुठून येणार?” हे मनात घेऊनच आई गेली. टीचरने पुढे पियानो घेतला, लग्न केलं, ठमी झाली, मुलं शिकायला येऊ लागली. मुलांना ती कधी “पुन्हा” म्हणायची नाही. “अजून एकदा,” म्हणायची, नाहीतर “हं, परत येऊ दे पाहुण्यांना.” झाकण ती शेवटचं मूल गेल्यावरसुद्धा लावायची नाही; धूळ बसली तर बसली. नवरा म्हणायचा, “अगं, निदान रात्री तरी झाकत जा त्याला, सर्दी होईल.”

मुंगी महिनाभर येत होती, आणि एक दिवस तिच्या आईने दारातूनच सांगितलं, “मुलांचा कार्यक्रम असतो ना त्या हॉलमध्ये, त्यात हिने वाजवावं अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. तो कुठला तो तुकडा, पाण्याचा. ऐकू येणार नाही, पण पहिल्या रांगेत बसून बघीन म्हणतात.” “पाणचक्की,” टीचर म्हणाली. “तीच. तुम्हाला कसं कळलं?”  टीचर पुस्तकांच्या फळीकडे वळली होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं असं म्हणवत नाही, आणि ठरवलं नव्हतं असंही म्हणवत नाही. तिने मुंगीचा उजवा हात हातात घेतला. धाव एकेक पट्टी समजावत नेली. मध्यावर आल्यावर तिचा स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला, इतका तो गोड होता. “आता इथे अंगठा. हं, इथे, काळ्यावर.” मुंगीने मान वर करून पाहिलं. “इथे?” “इथेच.” लोण्यासारखा मऊ, नखाखाली रंगीत खडू अडकलेला तो अंगठा तिने चिमटीत धरून उचलला आणि काळ्या पट्टीवर ठेवला. तो राहिला. मुलांचे अंगठे शहाणे असतात, ठेवाल तिथे राहतात.

त्यानंतर प्रत्येक तासाला ती मुंगीला सावकाश वाजवायला लावायची. “घाई नको, वेगाचं मागून बघू.” मुंगी खूश होती. सावकाश धाव खरोखर देखणी दिसायची. मुंगी गेल्यावर टीचर हॉल मनात आणायची, पहिली रांग मनात आणायची, मध्यावर पडणारं पाणी मनात आणायची. ते तिला ऐकू यायचं आणि त्याची गोडी जिभेवर पसरायची. बाईंना ऐकू येणार नाही ही एक खोट होती. पण लोकांचे चेहरे दिसतील. आणि हात दिसेल. हात तर दिसेलच! मग ती उठून ठमीला अंघोळ घालायची, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायची, तिची नखं काढायची. ठमी बोटं पसरून द्यायची, पूर्ण विश्वासाने, कात्रीकडे न बघता. अंगठ्याशी आल्यावर तिचा हात थांबायचा. हा अंगठा उद्या दुसरं कोणीतरी चिमटीत धरेल. कोण असेल ती, तिचं कोणाशी काय वाकडं असेल, कोणाला ठाऊक. “आई, काप ना,” ठमी म्हणायची. आणि ती कापायची, इतकं जपून की अर्धं नख राहूनच जायचं. “त्या नव्या मुलीचा वार असला की तू दिवसभर जबडा आवळून असतेस,” नवरा एकदा म्हणाला. “दात दुखतो,” ती म्हणाली. पुढच्या वेळी बोट बदलून देऊ, असं तिने किती वेळा ठरवलं. पण मुंगी यायची, करंगळी दोनदा चिमटायची, आणि ती देऊ केलेली दया पुन्हा खिशात घालायची.

वेग वाढवायची वेळ जवळ आली तेव्हा बाई स्वतः आल्या. सून पुढे, मुंगी मागे, मध्ये काठी टेकत त्या, अंगाने निम्म्या झालेल्या. मान मात्र तशीच ताठ. “सासूबाईंनी धोसराच लावलाय,” सून कानकोंडी होऊन म्हणाली. “घरी हिचा हात बघतात आणि चिडतात. मला काही कळत नाही. म्हटलं, चला, तुमचं तुम्हीच बोला.” बाईंनी टीचरच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चेहरे बघायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी काठीने मुंगीला बसायची खूण केली आणि शेजारी उभ्या राहिल्या, पूर्वी राहायच्या तिथेच, उजव्या खांद्यामागे. मुंगीने वाजवलं. चाक फिरलं, पाणी चढायला लागलं, अंगठा काळ्यावर गेला, आणि बाईंची काठी सतरंजीवर आपटली. “हे! हे काय आहे?” ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा सपाट, मोठा आवाज. “कोणी दिली ही बोटं? असली बोटं देणारीला पियानोच्या जवळ उभं करू नये.” “आई, अहो, हळू,” सून म्हणाली, पण तिचं म्हणणं भिंतीला सांगितल्यासारखंच होतं. “तुम्ही दिलीत,” टीचर म्हणाली. बाई पट्ट्यांकडेच बघत होत्या. ती मोठ्याने म्हणाली, “तुम्ही दिलीत, बाई!” काही नाही. पियानोखाली हत्ती चालायचा थांबला, तेवढंच. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य, आणि ते जिथे पोचायचं तिथला दरवाजाच चिणून टाकलेला. तिला हसू आलं, रडूही आलं. मग तिने मुंगीला खांद्याला धरून बाजूला केलं, स्टुलावर बसली आणि या घरात पहिल्यांदाच पियानोचं झाकण लावलं.

अलगद. दूध झाकावं तसं.

तिने बोटांची टोकं चिमटली. करंगळीचं दोनदा. मग झाकणावर डाव्या हाताने चाक फिरवायला लागली. खोलीत बोटांची टपटप तेवढी ऐकू येत होती, ओट्यावर यायची तशी, आणि भाजी चिरता चिरता कोणीतरी मान डोलवतंय असं तिला वाटून गेलं. पाणी चढायला लागलं. मध्यावर अंगठा वर उचलला गेला, जिथे काळी पट्टी असायला हवी होती तिथे. झाकणावर अडखळायचं काही कारण नव्हतं, तरी ती अडखळली. मागून आली, तिथेच अडखळली. तिसऱ्यांदा तिने हात तिथेच थांबवले आणि लाकडावरून बोटं एकेक करून काढून घेतली, शेवटी करंगळी. वर पाहिलं नाही. काळ्या लाकडात बाईंचा चेहरा उलटा दिसत होता, आणि तो तिच्या हातांकडे बघत होता, बघतच होता.  “निळा फ्रॉक,” बाई म्हणाल्या. “लाँड्रीवाल्या बाईची तू.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पियानोला टेकल्या, तिच्या कानाशी वाकल्या. आपण कुजबुजतोय असंच त्यांना वाटत असणार. आवाज जिन्यापर्यंत गेला. “हात चांगला होता तुझा. म्हणून दिली. माझ्या पोराच्या पुढे कोणी गेलेलं मला चाललं नसतं.”

सुनेने पर्सची चेन उघडली, लावली. जिन्यातून जाणारं कोणीतरी थबकलं आणि चालू लागलं. टीचरला गोड वाटलं, खोटं कशाला. सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने, कोणी न विचारता! याहून जास्त तिने हॉलमध्येही मागितलं नव्हतं. आता पहिली रांग नको होती, पडणारं पाणी नको होतं. फक्त हे ऐकायला आई हवी होती. हात चांगला होता, आई. तू जेवलीस तेवढं पुरलं होतं. ती हे मनात दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना गोडीखाली काहीतरी कडू लागलं. बाई सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या, दोन्ही हात काठीवर. त्यांच्या तोंडावर पश्चात्ताप होता म्हणावं तर नव्हता. काम संपलेल्या माणसासारख्या त्या समोर बघत होत्या.

मुंगी अजून पियानोजवळच उभी होती. तिने आजीकडे पाहिलं, टीचरकडे पाहिलं, मग स्वतःचा उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे पाहिलं. हिशेब तिच्या कपाळावर चाललेला दिसत होता, आणि जुळताच तिचा चेहरा उजळला. “टीचर,” तिने हळूच विचारलं, “म्हणजे माझापण हात चांगला आहे?”

सुनेची मान सावकाश वळली. तिलाही आता कळत होतं. ती उठली, पण तोवर मुंगी स्टुलावर चढून बसली होती आणि पाय हलवत उत्तराची वाट बघत होती. पियानोखालून ठमीने हात काढून आईच्या घोट्याला विळखा घातला. “हो,” टीचर म्हणाली. “चांगला आहे. खूप चांगला आहे.” तिने झाकण उघडलं. अंगठा चिमटीत धरला आणि काळ्याच्या शेजारी, पांढऱ्या पट्टीवर आणून ठेवला. “इथे. मी चुकीचा दिला होता. आता इथे.” मुंगीने मान डोलावली आणि मागून धाव घेतली. चाक फिरलं, पाणी चढलं, आणि मध्यावर तो अंगठा, टीचर बघत असताना, आपणहून वर गेला आणि काळ्या पट्टीवर बसला. मुंगीने ओठ चावला. टीचरने तो उचलून खाली ठेवला. तो परत वर चढला. इतका शहाणा अंगठा, ठेवला होता तिथेच राहणार. सोफ्यावरून बाई बघत होत्या. टीचरने तोंड उघडलं. मुलांना म्हणायचे तिचे ते सगळे मऊ शब्द तिला आठवले, आणि त्यातला एकही पुरेसा नव्हता.

“पुन्हा,” ती म्हणाली.